टिपाडातलं इंजिन

नावेच्या मागं टांगायची जुनी इंजिनं जमवायचा नाद जिंतुरात कुणाला लागावा? मला लागला. मी विहिरीवरच्या पंपांचा मिस्त्री. येलदरीचं धरण बांधताना साहेब लोकांनी वापरलेली ही इंजिनं पुढं भंगाराच्या हर्रासीत निघाली आणि एकेक करत चार माझ्या घरी आली. गंज खरवडायचा, जाम झालेला पिस्टन रॉकेल सोडून मोकळा करायचा, टोपण घासून रंगवायचं. मग अंगणात पाण्याचं टिपाड भरून त्याच्या काठावर इंजिन कसायचं आणि दोरी ओढायची. धूर, कानठळ्या, अंगणभर पाणी. मिस्त्री टिपाडातून मुंबईला निघाले, असं गल्लीतले म्हणायचे. म्हणू द्या. पण खरं सांगायचं तर माझ्या हाती आल्यापासून एकही इंजिन धरणात उतरलेलं नव्हतं.

त्यातलं सगळ्यात जुनं माझं लय लाडकं. त्याच्या टोपणाखाली चिमट्यात दोन पितळी पिना होत्या, मूळच्या. पंखा पाण्यात कशाला अडकला की पंख्यातली पिन तुटते आणि आतले दाते वाचतात. तुटलीच तर बदलायला म्हणून या जादाच्या. मी शहाण्यानं त्या काढल्या, आरशासारख्या चमकवल्या आणि घरात काचेच्या कपाटात मखमलीवर मांडल्या. टिपाडात पंखा कशाला अडकणार होता?

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आमच्या, दलितांच्या, वस्त्या पेटायला लागल्या. माझी थोरली बहीण, आक्का, धरणाच्या पलीकडच्या गावात दोन लेकरांना घेऊन एकटी. दाजी कामाला नांदेडला. तिच्या शेजारच्या गावातली वस्ती जळाल्याचा निरोप आला आणि मी ताटावरून उठलो. एस.टी. बंद. पायी जावं तर वाटेवर माणसं अडवून आडनाव विचारत होती. राहिलं पाणी.

धरणात मासे धरणारे एक भोई मामा ओळखीचे होते. ते होडी घेऊन स्वतः यायला तयार झाले. त्यांना काय पडलं होतं, पण आले. लाडकं इंजिन पोत्यात गुंडाळून मी सायकलवर लादलं आणि आडवाटेनं धरण गाठलं. जाताना ते गुमान चाललं. मला मात्र त्याच्या प्रत्येक ठोक्याला वाटायचं, हा आवाज साऱ्या मुलखाला ऐकू जातोय.

आक्का सकाळपासून दारात बसून होती. तिनं एक गाठोडं घेतलं, दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी कमरेला खोचली. अगं, माणसं घरं पेटवायलेत आणि तू कुलपं कसली लावतीस, असं ओरडावंसं वाटलं, पण मी धाकट्याला कडेवर घेऊन काठाकडं निघालो.

काठ सोडला तेव्हा वर बांधावर सात-आठ माणसं येऊन उभी राहिली. नुसती बघत होती. थोडं पुढं गेलो तोच खालून धाडकन दणका बसला. पाण्यात बुडालेल्या बाभळीचं खोड. इंजिन एकदम मोकळं होऊन किंचाळायला लागलं आणि होडी जागच्या जागी थांबली. पिन तुटली होती.

मी इंजिन बंद करून टोपण काढलं. रिकामा चिमटा. पिना घरी मखमलीवर. स्वतःला दिलेली शिवी इथं लिहिता येत नाही. मामा वल्हं मारत होते, पण वारा समोरून, होडीत पाच जीव आणि वर ते लोखंडी धूड. होडी हळूहळू मागं, त्या माणसांकडंच, सरकायला लागली. धाकटं लेकरू रडायला लागलं तसं आक्कानं त्याचं तोंड हातानं दाबून धरलं. मी हत्यारांची पिशवी उपसली. खिळा जाड, तार बारीक. आणि मग तिच्या कमरेची चावी दिसली.

"आक्का, चावी दे."

"घराची हाय रं भाऊ ती."

"पितळंची हाय. तीच बसंल."

तिनं एकदा काठाकडं पाहिलं आणि चावी माझ्या हातात ठेवली. मी करवतीच्या पात्यानं दांडा कापला. तुकडा पाण्यात पडेल म्हणून दातात धरला. इंजिन वर उचलून, काठावर ओणवा होऊन, तो कसाबसा भोकात ठोकला. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तोवर एक माणूस गुडघाभर पाण्यात उतरला होता. मारायला की मदतीला, मला आजवर कळलेलं नाही. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. आमच्या बाजूचा काठ येईतो मी मान वळवली नाही.

महिन्याभरानं एस.टी. सुरू झाली. सगळं निवलंय म्हणाले. मी आणि आक्का तिच्या घरी गेलो. भीत भीत वस्तीत शिरलो तर घर जसंच्या तसं उभं, दाराला कुलूप तसंच लटकलेलं. मला रडूच आलं. चावी तर इंजिनात गेलेली, म्हणून कुलूप फोडायला मी दगड उचलला. आक्कानं माझा हात धरला.

"नगं. आवाज व्हईल."

भर दुपार होती. घर तिचं होतं, कुलूपही तिचंच होतं. मी दगड खाली ठेवला आणि आम्ही तसेच एस.टी.ला परत आलो.