उजेडाला धावणारी गाडी

मी, सुनीता आणि मंदा भेटलो की लेकरांचे, सासरचे विषय पाच मिनिटांत संपतात. मंग विज्ञानाच्या बनकर बाईंच्या प्रयोगशाळेतले किस्से निघतात. इतकी वर्षं झाली, साठा काही संपून न्हाई राह्यला!

आम्ही आष्टीला नववीत होतो. विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी आमच्याकडून, उजेड पडला की चालणारी गाडी करून घ्यायचं ठरवलं. हेडसर म्हणाले, "पोरींना विजेचं काम नको. रांगोळीच्या स्पर्धेत घ्या."

बाईंनी टेबलावर बॅटरी ठेवली. "नऊ व्होल्टची आहे, सर. पोरींना चुलीचा चटका याच्याहून मोठा बसतो. तिथं कुणी अडवतं का?"

*

सुनीता उतावळी. तिनं वीज आवरणारा रेझिस्टर न लावताच एलईडीचा बारका दिवा थेट बॅटरीला जोडला. लख्खकन चमकला अन् गेला! ती बाईंवरच चिडली. "तुम्ही बघून राह्यल्या होत्या, मंग मला अडवलं का न्हाई?"

"तुला अडवायला अख्खं गाव आहे. मी कशाला?"

*

मोटार चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर आणायला आम्ही तिघी परतूरला गेल्तो. रेडिओ दुरुस्तीवाले काका म्हणाले, "भावाला पाठव. त्याला बराबर समजावून सांगतो."

"बीसी ५४७ द्या," सुनीता म्हणाली.

काकांनी एक काढून दिला. तिनं डोळ्याजवळ धरून नंबर वाचला. "काका, हा ५५७ आहे. याचं काम उलटं. भाऊ आला असता तर हाच घेऊन गेला असता!"

*

मोटार आमच्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधली. मी न विचारताच तो खोलला. वडील भडकले.

मी म्हटलं, "बाबा, बंदच होता ना? आता चालू झाला. फक्त गात न्हाई, पळतो!"

*

जालन्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी गाडी उचलून पाह्यली. "खरं सांगा, कुणी करून दिली?"

बाई काही बोलायच्या आत सुनीतानं सगळ्या वायरी उपटल्या.  सकाळपासून दहादा तपासलेलं सर्किट!

"बसा सर. तुमच्यासमोर करतो."

आम्ही तिघींनी परत सगळं जोडलं. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, मोटार, उजेड ओळखणारा एलडीआर. शेवटची वायर मंदानं लावली. परीक्षकांनी स्वतःच टॉर्च घेतला अन् समोरून झोत मारला.

गाडी सुटली ती टेबलावरून सरळ त्यांच्याकडं. टॉर्चचा झोत तिच्यावरच होता, म्हणून पोटाला टेकली तरी चाकं फिरतच राह्यली.

"अगं, थांबवा हिला!"

सुनीतानं हात मागं बांधले.

"ती न्हाई थांबणार, सर. तुम्हीच सरका!"