सूतभर आत

माझ्या नणंदेला टेनिस क्लबात सगळे 'मास्टर' म्हणतात. टेनिस शिकवतात म्हणून म्हणत असतील असं कोणाला वाटलं तर तो गैरसमज. त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत आणि तिथलं नाव त्यांच्या मागोमाग क्लबात आलं. घरात आम्ही त्यांना ताई म्हणतो. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांना आणखीही काही म्हणत असे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईंचा कारभार सगळा सरळ रेघेतला. वाळत घातलेल्या टॉवेलची टोकं जुळलेली नसली तर त्या येता-जाता ती जुळवणार. पडदा सूतभर तिरका लोंबत असेल तर त्यांना घास गिळत नाही. त्यांचं कामच तसं आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे वीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मग मशीनची कात्री फिरवायची. एक रेघ चुकली की वीस नर्सांचे कोट एकदम वाया. काम झालं की उरलेली खडूची खूण ताई अंगठ्याने पुसून टाकतात. खूण राहिली म्हणजे काम अर्धवट राहिलं, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या मुलींनी फरशीवर खडूने आखलेले चौकोन त्यांनी एकदा चालता चालता पायाने पुसले. त्या मुली दोन दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या आणि ताईंना आपण काय केलं ते ठाऊकच नव्हतं.

क्लबात त्या तेवीस वर्षांपूर्वी गेल्या त्या सुई-दोरा घेऊन. नेटच्या वरची पांढरी पट्टी उसवली होती, ती शिवायला. शिवून झाल्यावर एका बाईंना खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून त्यांनी ताईंच्या हातात रॅकेट दिली. ताईंनी पहिलाच बॉल बरोबर कोपऱ्यातल्या रेघेवर मारला, असं त्या सांगतात. मला हे पटत नाही, पण तेव्हापासून त्या रोज पहाटे तिथे असतात, हे मात्र खरं.

आता क्लबाची रीत सांगायला हवी. कोर्ट लाल मातीचं आहे. अंपायर म्हणून फक्त क्लबाचे सेक्रेटरी, म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य, उंच खुर्चीवर बसून गुण मोजतात. बॉल आत की बाहेर, हे ज्याच्या बाजूला पडेल त्याने सांगायचं. शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. मातीवर बॉलची खूण उमटते, ती समोरच्याने मागितली तर दाखवायची, आणि दाखवण्याआधी पुसली तर पॉइंट गेला. काही महाभाग खूण पटकन पुसून मोकळे व्हायचे, म्हणून हा शेवटचा नियम आला. नियमांचा बोर्ड ताईंनीच रंगवला. सरळ अक्षर काढणारं क्लबात दुसरं होतं कोण?

या रीतीपायी ताई क्लबाच्या वार्षिक स्पर्धेची फायनल तीनदा हरल्या. दुसऱ्या वेळी तर समोरच्या बाईंनी स्वतःच मारलेला बॉल "बाहेर गेला वाटतं" म्हणून मान खाली घातली होती आणि ताईंनी स्वतःहून सांगितलं, की नाही, रेघेला लागलाय. घरी आल्यावर मी विचारलं, की जरा डोळेझाक केली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? त्या शांतपणे म्हणाल्या, की सूतभर फरकावर पोट चालतं माझं, तिथे दिसतं आणि इथे दिसत नाही असं कसं सांगू? क्लबाच्या हॉलमध्ये विजेत्यांच्या नावांचा फळा आहे. त्यावरची धूळ ताई रोज पुसायच्या, आणि त्यांचं नाव त्यावर नव्हतं. मला त्याचा राग यायचा. त्यांना येत नव्हता, म्हणून मला दुप्पट यायचा.

यंदा ताई चोपन्न वर्षांच्या झाल्या. उजव्या गुडघ्याने केव्हाच हात टेकले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा हंगाम खेळा, पुढे रॅकेट कपाटात ठेवा. आणि ताई फायनलला पोचल्या. नाव फळ्यावर लागायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

समोर होत्या वकीलबाई. वय पस्तिशीच्या आत, पाय हरणाचे, आणि वाद घालायची हौस दोन्ही कोर्टांत सारखीच. रेघेच्या आसपास काही पडलं की त्यांचं बोट वर गेलंच म्हणून समजा. क्लबातले निम्मे लोक त्यांच्याशी खेळायचं टाळायचे. ताई मात्र दर रविवारी त्यांच्याशी खेळायच्या आणि दर वेळी त्यांचं म्हणणं मान्य करून पुढे जायच्या. मी नवऱ्याला म्हटलं, तुमची बहीण आज पुन्हा दान वाटून येणार.

पण त्या दिवशी ताई खेळल्या, बाई! पहिला सेट त्यांचा, दुसरा वकीलबाईंचा. तिसऱ्यात ताई पाच-चारने पुढे, आणि या गेममध्येही चाळीस-तीस. एक पॉइंट, की झालं. वकीलबाईंनी जोरात मारलेला बॉल मागच्या रेघेच्या चांगला दोन बोटं बाहेर पडला. ताईंनी बोट वर केलं, "बाहेर" म्हणाल्या, पायाने ती खूण पुसली आणि हात मिळवायला नेटकडे निघाल्या. आम्ही सगळे उठून टाळ्या वाजवू लागलो. माझा नवरा, जो बहिणीसमोर कधी हसत नाही, तो नाचायचाच बाकी होता.

वकीलबाई म्हणाल्या, "खूण बघू."

ताई वळल्या. जिथे खूण होती तिथे त्यांच्या बुटाचा गुळगुळीत पट्टा होता. त्यांचा चेहरा पडला. तेवीस वर्षांत त्यांनी हे कोर्टावर कधी केलं नव्हतं. काम संपलं असं वाटलं आणि पाय आपोआप फिरला.

दंतवैद्य खुर्चीवरून म्हणाले, की मास्टर बाहेर म्हणाल्या म्हणजे बाहेरच, त्यात बघायचं काय? सगळीकडून तेच ऐकू आलं. नवल म्हणजे वकीलबाईंनीही रॅकेट खाली केली. "मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी असतं तर सोडलं नसतं."

"बोर्डावर काय लिहिलंय?" ताईंनी विचारलं.

बोर्ड समोरच होता, आणि अक्षर त्यांचंच.

"पुसली की पॉइंट गेला. माझ्यासाठी वेगळा बोर्ड रंगवलेला नाही. चला, बरोबरी." आणि त्या लंगडत मागच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या.

मला त्या क्षणी नणंदेचा गळा धरावासा वाटला. खोटं कशाला सांगू? हातातोंडाशी आलेला घास बाईने स्वतःहून परत ताटात ठेवला होता. तो गेम त्या हरल्या. पाच-पाच, मग सहा-सहा. गुडघ्यावरचा पट्टा त्यांनी दोनदा सोडून पुन्हा आवळला. मग सात गुणांच्या टायब्रेकमध्ये वकीलबाई पाच-दोनने पुढे गेल्या, तेव्हा नवरा उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

आणि मग ताईंनी पळणं सोडून दिलं. पळताच येत नव्हतं. त्या एका जागी उभ्या राहून बॉल कापडासारखे कापू लागल्या: एक या कडेला, एक त्या कडेला, प्रत्येक बॉल रेघेच्या वीतभर आत. वकीलबाईंची धावून धावून दमछाक झाली. पाच-तीन, पाच-चार, पाच-पाच, आणि मग ताईंचे सहा, त्यांचे पाच. मी नवऱ्याला हाताला धरून आत आणलं.

शेवटचा बॉल ताईंनी उंच उडवला. तो वकीलबाईंच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रेघेपाशी पडला. मी जिथे बसले होते तिथून तो मला चक्क बाहेर दिसला. मी ताईंची सख्खी भावजय, तरी मला बाहेर दिसला. वकीलबाई त्याच्यापर्यंत पोचूच शकल्या नाहीत. त्या वळल्या, आणि सवयीने त्यांचं बोट उठू लागलं.

ते अर्ध्यावर थांबलं. वकीलबाई त्या खुणेपाशी गेल्या आणि गुडघे टेकून वाकल्या. मग त्यांनी रॅकेटच्या टोकाने खुणेभोवती नीट गोल काढला आणि उभ्या राहिल्या.

"आत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सूतभर, पण आत."

पुढे काय गोंधळ झाला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी रडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ताईंना मिठी मारली आणि त्यांनी माझी कॉलर सरळ केली. नवरा ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्यांना सांगत होता, की ही माझी बहीण. दंतवैद्यांनी तर फळा रंगवायला ब्रश कुठे आहे हे तिथल्या तिथे विचारायला सुरुवात केली.

ताई हात मिळवायला नेटपाशी गेल्या. वकीलबाई त्यांना हाताला धरून आपल्या बाजूला घेऊन गेल्या. "तुम्ही स्वतः बघा," त्या म्हणाल्या. ताई त्या गोलापाशी उभ्या राहिल्या. खुणेची कड रेघेला जेमतेम शिवलेली होती. त्यांचा पाय पुढे झाला. मला वाटलं, पुसतात आता.

तेवढ्यात कोर्ट सारखं करणारे काका जाळी ओढत त्या बाजूला आले. ताईंनी पाय मागे घेतला आणि त्यांना हाताने थांबवलं.

"एवढी जागा सोडून ओढा काका," त्या म्हणाल्या. "एवढी आज राहू दे."