झाकलेल्या दोन ओळी

"आधी झाकायचं, मग फिरवायचं," असं म्हटल्याशिवाय आमच्या मशीनवरच्या मामांनी सायक्लोस्टाइलच्या दांडीला कधी हात लावला नाही. कितीही घाई असो, समोर कोणीही ताटकळत असो, हे वाक्य व्हायचंच. परभणीतल्या त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायला होते, आणि सुरुवातीला मला त्या वाक्याचा भारी वैताग यायचा.

तुमच्यापैकी ज्यांनी सायक्लोस्टाइलच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या असतील, त्यांना तो शाईचा वास आठवत असेल. शाळांची ती कामं आमच्याकडे यायची. मी स्टेन्सिल, म्हणजे मेणाचा कागद, टाइप करायची; दांडी फिरवली की त्यावर उठलेल्या अक्षरांतून शाई कोऱ्या कागदावर उतरायची. वर प्रश्न, तळाशी मास्तरांसाठी उत्तरं, दोन्हींना मिळून एकच स्टेन्सिल, कारण मालक चिक्कू. मामा पावाच्या वेष्टनाच्या मेणकागदाची पट्टी कापून स्टेन्सिलच्या आत, बरोबर उत्तरांच्या मागे लावत. तिथे शाई पोचायचीच नाही. मुलांच्या प्रती निघाल्या की पट्टी काढून मास्तरांच्या प्रती काढायच्या.

"मामा, एवढा पाव खाता तरी कधी?" मी एकदा विचारलं.

"पाव मला पचत न्हाई, ताई. कागदासाठी घेतो. पाव गल्लीतली कुत्री खातात."

एका हेडमास्तरांनी धास्तावून विचारलं होतं, पट्टी सरकली तर? मामा दिवसभर त्यांच्यावर रुसले होते. "सरकंल कशी? मी इथं उभा हाय ना," एवढंच पुटपुटत होते. त्यांचा अभिमान म्हणजे ती बोटभर पट्टी होती.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतून बौद्ध वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या. मामा बौद्ध. पाथरीकडच्या एका खेड्यात त्यांच्या बहिणीचं घर होतं, ते गेलं. बहीण, तिची लेकरं आणि वस्तीतली बाकीची माणसं शेताशेतांतून चालत परभणीला आली. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी त्यांना गावाबाहेर कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात लपवलं. त्या रस्त्याला तशी तीन-चार गोदामं ओळीने आहेत. माणसं नेमकी कुठल्या गोदामात आहेत हे बाहेर कळता कामा नये, एवढीच सगळ्यांची धडपड होती.

पण माणसांना खायला लागतं. प्राध्यापकांनी, कोणासाठी ते न लिहिता, पत्रक काढायचं ठरवलं: धान्य, कपडे, भांडी प्राध्यापकांच्या घरी आणून द्या. आणि खाली दोन ओळी फक्त सामान वाहून नेणाऱ्या मदतीच्या पोरांसाठी, कुठल्या गोदामात पोचवायचं त्या. बाजार बंद होता आणि आमच्या खोक्यात एकच स्टेन्सिल उरली होती.

"मग काय झालं? प्रश्नपत्रिकाच समजायची," मामा म्हणाले. पट्टी लावली. वाक्य म्हटलं.

दुपारभर दांडी फिरत होती. निघालेला गठ्ठा घेऊन प्राध्यापक स्वतः चिकटवायला गेले. मामांनी मदतीच्या पोरांच्या प्रती काढण्यासाठी ड्रम उघडला, आणि ते तसेच उभे राहिले. दमट हवेने पट्टीची कड सुटली होती आणि ती वर सरकली होती. मी मशीनच्या ट्रेमध्ये राहिलेला शेवटचा कागद उचलला. गोदामाचं नाव काळंभोर उमटलेलं होतं. पट्टी कितव्या कागदापासून सरकली, ते कोणालाच सांगता आलं नसतं. मामांनी मशीन तसंच टाकलं आणि चपला अडकवल्या.

बाजारात जायला मी बरोबर निघाले. माझं आडनाव त्या दिवसांत सुरक्षित होतं आणि बरोबर बाई असली की कोणी फारसं हटकत नाही. प्राध्यापक बंद दुकानांच्या ओळीपाशी भेटले. उरलेला गठ्ठा आम्ही परत घेतला. लावलेली पत्रकं फाडायची म्हटली तर चौकात टोळकं उभं होतं. फाडताना बघितलं की विचारणारच. मामांनी खळीचा डबा घेतला, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेका पत्रकाच्या तळाशी चिकटवत निघाले.

"काय चिकटवायलास रे?" टोळक्यातला एक जण जवळ आला.

"छपाई बिघडली, मालक. खालचं झाकायलोय."

खरंच सांगितलं त्यांनी. मला वाटलं, संपलं. मी मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, "चुकीचं छापलंय, लोक हसतील."

"बघू की, मग आमी पण हसतो," असं म्हणून त्याने पट्टीला नख घातलं आणि ओढली. खळ ओली होती आणि सायक्लोस्टाइलचा कागद टीपकागदासारखा मऊ. पट्टीबरोबर खालच्या ओळींचा लगदा होऊन त्याच्या बोटांना लागला. त्याने तो शटरला पुसला, मामांकडे नीट बघितलं आणि निघून गेला. मामा पुढच्या पत्रकाकडे वळले. ब्रशने खळ लावली आणि पट्टी सरळ बसवली.

सगळं झाल्यावर प्राध्यापक दबक्या आवाजात म्हणाले, "एक कागद एका माणसाने मागून नेला. ओळखीचा नव्हता. त्यावर ओळी होत्या की नाही, मी पाहिलं नाही."

मामा वाटेत इन्स्टिट्यूटमधून रद्दीचा गठ्ठा उचलून, खळीच्या डब्यासकट गोदामाकडे गेले. कामावर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तर ते फाटकाच्या आत बसलेले, रस्त्यावर डोळे लावून. आत लेकरं होती, पण एक आवाज येत नव्हता.

"मामा, अजून काही झालं नाही. आता होणारही नाही."

"एक कागद बाहेर हाय, ताई."

"त्यावर ओळी नसतीलही."

"पट्टी माझी होती," ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. सायकल गेली तरी त्यांचा हात कडीवर जायचा. इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तरी ते जागचं हलत नव्हतं.

तो कागद नेणारा कोण होता, ते कधीच कळलं नाही. कोणी आलं नाही. काही दिवसांनी बंदोबस्तात एक ट्रक आला आणि सगळी माणसं सुखरूप औरंगाबादला नातलगांकडे गेली. मामाही बहिणीबरोबर गेले. मशीनवर मालकांनी दुसरा माणूस ठेवला. मामा परत आले नाहीत.

ट्रक येऊन गेल्याचं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पिठाची पिशवी घेऊन गेले तेव्हा फाटक नुसतं लोटलेलं होतं. एवढे दिवस मी मान खाली घालून आत शिरायची, त्या दिवशी पहिल्यांदा वर बघितलं. जिनिंगच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड दिसतच नव्हता. मामांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्या खराब निघालेल्या प्रश्नपत्रिकांनी झाकून टाकला होता. पावसाने एक कोपरा सुटून फडफडत होता आणि त्याखाली नावाचं पहिलं अक्षर दिसत होतं.

आत कोणी उरलं नव्हतं. तरी मी पिशवी खाली ठेवली, फाटकाच्या गजावर चढले आणि तो कोपरा दाबून नीट बसवला.