फाटकाच्या आत झिल्ली नाही

भाडं किती, नळ किती वाजता येतो, वरच्या खोल्यांना जिना कुठून, यातलं काहीही सांगायच्या आधी काकूंनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. घर पाहायला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी अर्धा किलो सफरचंदं घेतली होती. "ते बाहेर ठेव," त्या म्हणाल्या. मला वाटलं, बाईंना सफरचंदं चालत नसतील. पण सफरचंदं त्यांनी एक एक करून पदरात घेतली आणि रिकामी प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात परत ठेवली. "माझ्या फाटकाच्या आत झिल्ली येत नाही. बाकी घर तुमचंच समजा."

रायपुरात त्या पातळ पिशवीला झिल्लीच म्हणतात. गाव नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळच्या कचेऱ्यांतली माणसं फायलींच्या गठ्ठ्यांसकट इकडे येऊन पडत होती आणि त्यांत माझा नवरा सुधीरही होता. घरं मिळता मिळत नव्हती. जी मिळत, त्यांचे मालक सहा सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. समता कॉलोनीतल्या या काकूंनी तसलं काही मागितलं नाही. जिना उतरताना सुधीर म्हणाला, "एवढीच अट? मग स्वस्तात सुटलो." बिचाऱ्याला काय ठाऊक! आम्ही तिथं पाच वर्षं राहिलो. काकू आता नाहीत, आणि मी आजही दुकानात एखादी वस्तू उचलली की दोनदा विचार करते, ते त्यांच्या धाकानं.

काकू लहानपणी धमतरीच्या छोट्या लाइनवर वाढल्या होत्या. वडील रेल्वेत, स्टेशन इवलंसं, भोवती झाडी. मीठमिरची आणायला गाडीनं जावं लागे. "आमच्याकडे कचरा कसा असतो तेच मले ठाऊक नव्हतं," त्या सांगत. "टाकायचं म्हटलं तर टाकणार कुठं? सगळ्यालेच काही न काही काम लागे." नवराही रेल्वेतलाच मिळाला. तो मी पाहिला नाही. आम्ही यायच्या आधीच काका गेले होते. घरात काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी मंजू, दोघीच. मंजू कॉलोनीतच मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. आईचं मराठी तिला अक्षर न् अक्षर कळे, पण उत्तर हिंदीतच देई.

शनिवारी काकू गोल बाजारात निघत, तेव्हा पाहणाऱ्याला वाटावं की बाई परगावी चालल्या. एका हातात डबे: तेलाचा, गुळाचा, दह्याचा. दुसऱ्या हातात पिशव्यांनी भरलेली पिशवी. पिशव्या जुन्या परकरांच्या, घरीच शिवलेल्या. डाळीच्या पिशवीला लाल नाडी, तांदळाच्या पिशवीला पांढरी. दुकानात शिरल्या शिरल्या त्या सांगत, "भैया, पहले खाली डब्बा तौलो." दुकानदार कपाळाला हात लावी. "काकी, आपके डब्बे तौलते-तौलते तो मेरा तराजू घिस जाएगा." यावर काकू म्हणत, "तुम्हारी झिल्ली बची न? उसके बदले दो इलायची डालो." आणि तो खरंच डब्यात दोन वेलदोडे टाकी. पहिले काही महिने मी त्यांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत असे. कुणी ओळखीचं भेटलं तर मी यांच्याबरोबरची नाहीच, असा चेहरा करून.

पण खरी परीक्षा काही नवीन विकत घेताना व्हायची. मी कुठलीही वस्तू हातात धरली की काकू शेजारून विचारत, "संपल्यावर याचं काय?" शांपूच्या पुड्या घेतल्या, "संपल्यावर याचं काय?" एकदा स्वस्तातलं पेन घेतलं, तेव्हाही तेच. आपण वस्तू विकत घेतो ती वापरायला, तिच्या शेवटाची काळजी करायला नव्हे, असं मी एकदा चिडून म्हणालेसुद्धा. त्या हसल्या. "पोरी, आणायची तू, मग तिचं शेवटचं कोण पाहील? मी?" भांडी घासायला मी नायलॉनची घासणी आणली, तर दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी येऊन पडली. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, तांदळाच्या धुवणानं पोसलेलं परसातलं अळू, हे सगळं वर येई. खरं सांगते, त्या भाजीला सुधीर घाबरायचा.

याच सुधीरनं एकदा चोरी केली. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि त्याला गरम जिलेबी घेऊन यायची होती. डबा न्यायला विसरला. मग झिल्लीतली जिलेबी त्यानं हेल्मेटमध्ये ठेवली, हेल्मेट काखेत धरलं आणि फाटक उघडून साळसूदपणे आत आला. काकू मोगऱ्याला पाणी घालत होत्या. "सुधीरभाऊ, काखेत काय वाजून राहिलं?" सुधीर जागीच थिजला, आणि तेवढ्यात पाकाचा एक थेंब त्याच्या बुटावर पडला. काकू इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मंजूनं ताट आणलं, जिलेबी ताटात गेली आणि झिल्ली नळाखाली. धुतलेली झिल्ली दोरीवर चिमटा लावून वाळत घातली गेली. सकाळी सुधीरला ती घडी करून हलवायाला परत द्यायला जावं लागलं. हलवायानं ती मुकाट्यानं घेतली. वर म्हणाला, "काकीजी को नमस्ते बोलना."

काकूंचा खरा जीव होता तो ताटांत. स्टीलची दीडशे ताटं, तेवढ्याच वाट्या न् पेले. हा सगळा पसारा त्यांनी जुन्या कपड्यांवर जमवला होता. दारावर बर्तनवाली येई. कॉलोनीतल्या बायका आपल्या नको झालेल्या साड्या, पँटी काकूंकडे आणून देत. फाटकं ते फडक्यांना आणि धड ते बर्तनवालीला. एका ताटापायी तासभर घासाघीस चाले आणि शेवटी बर्तनवालीच चहा पिऊन जाई. भांड्यांवर आपण नाव घालून घेतो, कुणाचं ते कळावं म्हणून. काकूंनी प्रत्येक ताटाच्या मागे दोनच शब्द कोरून घेतले होते: धुऊन परत. बारसं असो, सत्यनारायण असो, गणपतीचा महाप्रसाद असो, ताटं काकूंकडून जायची. पैसे घेत नसत. ताट धुऊन परत आलं की त्या बोट फिरवून पाहत आणि खरकटं निघालं तर ते ताट परत पाठवत.

मग राजधानी सगळीकडे दिसायला लागली. रस्ते रुंद झाले, काचेची दुकानं आली आणि थर्माकोलची ताटं आली. जेवा न् फेका. ताटं मागायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली. एका गणपतीत तर कुणीच आलं नाही. काकूंनी त्या दिवशी दीडशेच्या दीडशे ताटं काढली, पुसली आणि परत लावून ठेवली. मी विचारलं, "काकू, काहून?" तोवर मीही तसंच बोलायला लागले होते. "धूळ बसून राहिली होती," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी मंजूचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, घराणं चांगलं. बैठकीला विहीणबाई आल्या, बोलक्या आणि मनानं वाईट नव्हत्या. काकूंनी कौतुकानं ताटांची मांडणी दाखवली. विहीणबाईंनी एक ताट उचललं, मागचं वाचलं आणि हसून म्हणाल्या, "बाई, आमचे चारशे लोक येऊन राहिले. कोणी कोणी जेवलेल्या ताटावर त्यांना कसं बसवायचं? ते डिस्पोजलच करा न. राजधानीतलं लग्न आहे, लोक नावं ठेवतील." मी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. आता विहीणबाईंची धडगत नाही, असं मला वाटलं. काकू म्हणाल्या, "हव. जसं तुम्ही म्हणाल."

मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. मला संतापच आला होता. माझ्या नवऱ्याला एका झिल्लीसाठी हलवायाकडे पाठवणारी बाई चारशे थर्माकोलला हव म्हणते? मी तसं म्हणालेच. काकू पोहे परतत होत्या. "नेम माझा आहे. तो मंजूनं काहून भोगायचा? पोट्टी उद्या त्यांच्या घरी राहणार. पहिल्याच दिवशी आईच्या ताटापायी भांडण झालं, हे तिले जन्मभर ऐकावं लागेल." मग झारा खाली ठेवून म्हणाल्या, "तिले काही सांगू नको." दोन दिवसांनी मंजूनं मला जिन्यात गाठलं. "दीदी, सच बताओ, मम्मी को बुरा तो नहीं लगा न?" मी म्हणाले, "अगं नाही, त्यांनाच तेवढा त्रास कमी." मंजूचा चेहरा खुलला. खोटं बोलणं मला इतकं सोपं कधी गेलं नव्हतं.

लग्न भवनात, म्हणजे तिकडच्या मंगल कार्यालयात, थाटात झालं. दुपारच्या पंगतीत कुणाला काही कमी पडलं नाही. काकू जांभळी रेशमी साडी नेसून सगळ्यांना आग्रह करत होत्या. पाठवणीच्या वेळी मंजू रडली, मी रडले, विहीणबाईसुद्धा रडल्या. काकू रडल्या नाहीत. नागपूरची बस निघाली, चार वाजून गेले होते, उरलेले लोक चहाकडे वळले आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की काकू कुठेच दिसत नाहीत.

त्या भवनाच्या मागच्या मोकळ्या जागेत सापडल्या. तिथं सगळी ताटं पडली होती. वाऱ्यानं काही कुंपणाला जाऊन चिकटली होती, काही नालीत गेली होती. काकूंनी रेशमी साडीचा पदर खोचला होता आणि त्या एकेक ताट उचलून एकावर एक रचत होत्या. मी जवळ गेले. त्यांच्या हातात वीसेक ताटं होती आणि त्या ती धरून नुसत्याच उभ्या होत्या. "गाय खात नाही," त्या म्हणाल्या. "कबाडी घेत नाही. जाळलं तर काळा धूर निघते. याचं मी काय करू, सांग न?" आणि त्या रडायला लागल्या. पाठवणीला न आलेलं सगळं रडू त्या ढिगापाशी आलं. मी पदर खोचला आणि वेचायला लागले. सुधीर आला, त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला आणि नालीत उतरला.

भवनाचा माणूस म्हणाला, आम्ही सकाळी गाडीत टाकून देऊ. ती गाडी कुठे जाऊन रिकामी होते, ते काकूंना ठाऊक होतं. "माझ्या घरच्या कार्याचं आहे, माझ्या घरी येईल," त्या म्हणाल्या. चौदा पोती झाली. रिक्षातून ती समता कॉलोनीत आली, फाटकातून आत गेली आणि जागा दुसरीकडे नव्हतीच म्हणून मंजूच्या रिकाम्या खोलीत छतापर्यंत रचली गेली. पुढे भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं काचसामान बांधायला ती नेली, ताटं धुतलेली हवीत या अटीवर. पण तोवर तीन महिने गेले होते आणि मधे मंजू पहिल्या माहेरपणाला आली.

ती दुपारच्या गाडीनं आली. मी चहा घेऊन खाली उतरले, तेव्हा ती आपल्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यात उभी होती. पोत्यांचा डोंगर, आणि खाली एका परातीत धुवायला काढलेली ताटं. तिनं एक उचललं. त्याला अजून तिच्या लग्नातल्या मठ्ठ्याचा डाग होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

"मम्मी, एक बार बोल तो देती," ती म्हणाली. "मैं सबको मना लेती. मैं तुम्हारी ही बात सुनती."

काकूंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि परातीत ठेवलं. "मले ठाऊक आहे न. मी बोलली असती, तर तू ऐकलंच असतं. म्हणून तर नाही बोलली."

मंजूनं दोन पोती ओढून बाजूला केली, बसण्यापुरती जागा केली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी पडून राहिली. काकूंचे हात ओले होते. ते पदराला पुसून त्या तिच्या केसांतून बोटं फिरवत होत्या. मी चहा तसाच घेऊन वर गेले.