झाकणापाशी थांबणारी धून

धारवाल्याची गाडी बेकरीच्या कोपऱ्यावर आली की त्याच्या पाव्यावरची धून तुटायची. तिथे गटाराचं झाकण उचकटलेलं होतं. गाडी पलीकडे न्यायला दोन्ही हात लागत. पावा खिशात जाई. मग जिथे तुटली तिथूनच धून पुढे सुरू होई.

बायको होती तोवर मधली जागा रिकामी राहत नसे. वरच्या खिडकीतून ती शीळ घालायची. दोनच सूर.

"पुढचं विसरलात वाटतं," वर आणखी चिडवायची. आणि चहा टाकायची.

ती गेली. झाकणही नवीन बसलं. धारवाला मात्र तिथे थांबतच राहिला. धूनच तशी झाली होती.

एका दुपारी तो न्हाव्याच्या दारात कात्रीला धार लावत होता. आत रेडिओवर बँकेची जाहिरात लागली. धून त्याचीच, व्हायोलिनवर. मध्येच ती तुटली. आणि त्या तुटलेल्या जागेत कोणीतरी शीळ घातली.

चाक थांबलं.

"बँकवाला झालास की रे!" न्हावी म्हणाला. "आता धार फुकट लावून दे."

 धारवाल्याला चहाचा वास येत होता.

त्याची मुलगी भडकली. "बाबा, तुमची धून विकतायत ते, आणि तुम्ही मान डोलावताय?" ती त्याला वकीलबाईंकडे घेऊन गेली.

वकीलबाईंनी माग काढला. पूर्वी कोणीतरी हौसेने गल्लीचे आवाज टेपवर टिपून ठेवले होते. ते जाहिरात कंपनीच्या संगीतकाराच्या हाती लागले. त्याने धून बेवारस समजून उचलली. मधली शीळ तर टेपवरचीच तशीच ठेवली. कंपनीने सगळं आपल्या नावावर नोंदवलं.

"म्हणजे आता मी वाजवायची नाही?"

"कागदावर पाहिलं तर ते तुम्हालाही अडवू शकतात."

"घ्या! माझंच तोंड आणि कुलूप त्यांचं."

वकीलबाई हसल्या. "कुलूप काढू या. अख्खी गल्ली साक्षीला येईल. नोंद रद्द करून घेऊ आणि जाहिरातही बंद पाडू."

बंद म्हटल्यावर धारवाला खुर्चीत पुढे सरकला. हल्ली रोज संध्याकाळी काम नसतानाही तो जाहिरात ऐकायला न्हाव्याच्या दारात उभा राहत असे. हे मुलीला ठाऊक नव्हतं.

"ते मधले दोन सूर," त्याने चाचरत विचारलं, "ते कोणाचे धरतात?"

"दोन सुरांवर कोणाचा हक्क लागत नाही, काका. फार लहान असतात ते."

"हिच्या आईचे आहेत."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "आई शीळ घालायची?"

"तू शाळेत असायचीस."

 पंखा फिरत होता. मुलीने ओठांचा चंबू केला, पण नुसतीच हवा बाहेर आली. ती डोळे पुसत हसली.

कंपनी कोर्टाच्या भीतीने लवकर नमली. मोबदल्याचं मुलीने पाहिलं. धारवाल्याच्या मागण्या निराळ्याच होत्या. धून नवराबायकोची, असं कबूल करा. गल्लीबोळात वाजवणाऱ्या कोणालाही अडवू नका. आणि जाहिरात चालू द्या, शिळेसकट.

"चोरी झाली तुमची, आणि वर चालू द्या म्हणता?" वकीलबाई थक्क झाल्या.

"चोरताना तिला सोबत नेलंय त्यांनी," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही जमलं ते."

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन निघाला. ऊन मऊ होतं. बेकरीच्या कोपऱ्यावर धून तुटली. तो थांबला. गल्ली पाण्याच्या तळाशी गेल्यासारखी शांत झाली.

कुठल्याशा खिडकीतून शीळ आली. दोनच सूर.

त्याने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथे कोणीतरी दुसरंच दिसलं असतं. त्याने पावा ओठांना लावला आणि पुढची धून धरली.