पुढे पाठवलेला मेसेज

मी पनवेल तालुक्यात होमगार्ड होते. चौथी पास. तेव्हा तेवढं चालायचं. हातात लाठी, गळ्यात शिट्टी. ट्रेनिंगला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. वायरलेसवर आलेला मेसेज जसाच्या तसा पुढे द्यायचा. आपली अक्कल चालवायची नाही.

मग मोबाइल आले. एका संध्याकाळी मेसेज आला: चोर ड्रोन उडवून घरं हेरतात, सावध राहा. कोणी लिहिला ते नव्हतं. वायरलेसवर निदान आवाज ओळखू येतो. मी तो गावांच्या ग्रुपवर टाकला आणि भाकऱ्या थापायला बसले.

दुसऱ्या दिवशी पळस्पे फाट्यावर ट्रॅफिक ड्युटी. सोबत सुगंधा. बारा वर्षं आम्ही एका प्लाटूनमध्ये होतो. चार वाजून दहा मिनिटांनी हवालदाराच्या वॉकीटॉकीवर आवाज आला.

"गावात ड्रोनवाला धरलाय. जमाव आहे. जवळ कोण?"

"दोन होमगार्ड. लेडीज."

"पाठवा. गाडी निघतेय."

आम्ही रिक्षाने गेलो. गाव सुगंधाच्या सासरचं.

देवळासमोर शंभरेक माणसं. मध्ये ड्रोनने जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस. डोकं फुटलेलं. हातातलं पत्र दाखवत होता, वाचत कोणी नव्हतं. सुगंधा शिट्टी वाजवत घुसली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. समोर तिचाच दीर, परशुराम.

"वैनी, बाजूला हो."

"नाय होनार. परवा माझ्या हातचा म्हावरा खाल्लास, आज मनाच हटवतोस?"

दोघंतिघं हसली. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात परशुरामने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"तुमचाच मेसेज हाय ना, बाय? होमगार्ड खोटा बोलंल का?"

"मी नुसता पुढं पाठवला. खरा का खोटा, मना नाय ठाऊक."

मागच्यांना ते ऐकू गेलं नाही. दगड आला. सुगंधाच्या कानशिलावर बसला.

गाडी चार चाळीसला पोचली. माणूस वाचला. सुगंधा दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

चौकशीत मी सांगितलं, मेसेज मी पाठवला. साहेब म्हणाले, "सगळ्यांनीच पाठवला होता, बसा." दगड कोणाचा, ते गावात कोणी सांगितलं नाही.

यंदा परशुरामच्या मुलाची हळद झाली. शूटिंगला ड्रोन होता. सगळे वर बघून हात हलवत होते, परशुरामसुद्धा. ओटीवर सुगंधाचा वर्दीतला फोटो, ताजा हार घातलेला. मी त्याच्यापुढे सावधानमध्ये उभी राहिले. ड्रोन घरघरत डोक्यावर आला. मी वर बघितलं नाही. सावधानमध्ये नजर समोर ठेवायची असते.