सरकारचा जावई

ब्लिचिंग पावडरचा वास आला की मला पुरानंतरचं नवागाम, परमुलखातली आमची वस्ती, आठवतं. गल्लीत गटार तुंबलेलं, रिक्षा आत येईना आणि माझी तान्ही तापानं फणफणलेली. पालिकेचा सफाई कामगार, आपल्याच खानदेशातला, कमरेएवढ्या घाणीत उतरला. शेजारी ओट्यावरून हसले, "या, सरकारचे जावई! बसून पगार!"

तो म्हणाला, "जावयाला पाणी तरी विचारतात, भाऊ."

मी तांब्या दिला. पाणी ओसरलं, रिक्षा आली, पोर वाचली. आठवड्यात तो मात्र तापानं गेला. शेजारी म्हणाले, "बापाच्या जागी पोराला नोकरी लागेल, नशीबवान."

आता पावडर टाकणारा आला की मी तांब्या घेऊन दारात उभी राहते. नाव विचारत नाही. त्याचाच पोरगा निघेल, अशी भीती वाटते.